पांढरी-जांभळी फीत

पहिल्या महायुद्धातले एक कॅनेडियन पत्र मराठीत आणताना मी पहिल्याच ओळीला अडले. पत्र लिहिणारा कॅप्टन टॅल्बट पापिनो, आणि ज्यांना लिहिले ते आँरी बुरासा, 'ल दव्वार' या फ्रेंच दैनिकाचे संस्थापक. पत्रात त्यांना 'कझिन' म्हटले आहे. वंशावळ मांडून पाहिली. 1837 च्या बंडाचे पुढारी लुई-जोझेफ पापिनो यांचे बुरासा हे मुलीकडून नातू, टॅल्बट मुलाकडून पणतू. म्हणजे बुरासा त्याच्या वडिलांचे आतेभाऊ. आपल्याकडे त्याने त्यांना 'काका' म्हटले असते. मी 'काका' लिहिले, आणि पत्राचा सूर बदलला. दोन पुढाऱ्यांचा वाद राहिला नाही. पुतण्या काकांशी भांडू लागला.

भांडण युद्धाबद्दलच होते. पुतण्याचे म्हणणे असे की, या रणांगणावर इंग्रजी आणि फ्रेंच बोलणारे एकत्र रक्त सांडत आहेत, त्यातूनच कॅनडा हे राष्ट्र घडेल. पत्र जुलै 1916 मध्ये वृत्तपत्रांत छापून आले. काकांनी ऑगस्टमध्ये उत्तर दिले. युरोपात स्वातंत्र्यासाठी लढा म्हणता, आणि इकडे ओंटारिओतल्या शाळांत फ्रेंच मुलांची भाषा दाबली जाते, त्याचे काय, असा त्यांचा रोख होता. भाषेच्या हक्काचा हा प्रश्न भारतातल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी अडचण 'स्टाफ' या शब्दाची. पत्र छापून आले तेव्हा पापिनो कॅनेडियन कोअरच्या मुख्यालयात स्टाफवर होता. मराठीत स्टाफ म्हटले की शाळेतली स्टाफरूम आठवते. 'फडावरचा अधिकारी' असेही लिहून पाहिले, पण त्याने वाचक थेट पेशवाईत जाऊन पोचतो. शेवटी 'स्टाफ'च ठेवला. नकाशे, हुकूम, अहवाल, रसद यांचे काम. खंदकापासून दूर, कोरड्या खोलीत. त्या कामाशिवाय सैन्य हलत नाही. तरी खंदकातल्या माणसाच्या तोंडी हा शब्द क्वचितच प्रेमाने येई.

या कडवटपणाचे एक कारण पदके हे होते. पापिनोच्या छातीवर मिलिटरी क्रॉसची फीत होती, पांढरी आणि मध्ये जांभळा पट्टा. हे पदक 28 डिसेंबर 1914 रोजी सुरू झाले, कॅप्टन व त्याखालचे अधिकारी आणि वॉरंट ऑफिसर यांच्यासाठी. पण युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर आणि मिलिटरी क्रॉस हे सन्मान कधी गोळीच्या टप्प्यातही न आलेल्या अधिकाऱ्यांनाही मिळत गेले. आघाडीवर त्याचा राग होता. अखेर 1917 च्या जानेवारीपासून हे सन्मान शत्रूच्या माऱ्याखाली केलेल्या कामगिरीसाठीच राखावेत असे ठरले. तोवर वाटलेल्या फिती मात्र छातीवरच राहिल्या, आणि त्या दिसायला एकसारख्याच होत्या.

पापिनोची फीत खंदकातली होती. 28 फेब्रुवारी 1915 रोजी ईप्रच्या दक्षिणेला सेंट एलॉय येथे प्रिन्सेस पॅट्रिशियाज कॅनेडियन लाइट इन्फंट्रीने जर्मन खंदकावर छापा घातला. बाँब फेकणाऱ्यांची तुकडी त्याच्याकडे होती. त्याने दोघांना स्वतः गोळ्या घातल्या आणि जर्मनांच्या चरातून बाँब टाकत पुढे धावला. पदकाच्या नोंदीत एवढेच आहे. अनुवाद करताना मला तिच्यात विशेषणे घालाविशी वाटली. घातली, आणि खोडली.

स्टाफच्या खोलीत बसलेल्या त्याच्याकडे पाहून कुणाला हा छापा दिसला नसता. आणि त्याला स्वतःला तर आपली रेजिमेंट कुठे आहे हे रोज दिसत असणार. रक्त सांडून राष्ट्र घडते असे काकांना जाहीरपणे सुनावलेला माणूस मुख्यालयात होता. 1917 मध्ये तो रेजिमेंटमध्ये परत गेला.

30 ऑक्टोबर 1917 रोजी पॅशनडेलच्या चिखलात हल्ला सुरू झाला आणि सुरुवातीलाच मेजर पापिनो तोफगोळ्याने मारला गेला. वय 34. त्याच दिवशीच्या पराक्रमासाठी रेजिमेंटचे सार्जंट जॉर्ज मलिन यांना आणि पूर्वी याच रेजिमेंटमध्ये असलेले लेफ्टनंट ह्यू मॅकेन्झी यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मॅकेन्झी यांना मरणोत्तर. पापिनोला त्या दिवसाचे काही मिळाले नाही. मिळण्यासारखे तो काही करण्याआधीच संपला. स्टाफची खुर्ची सोडून परत जाणे ही त्याची सर्वांत अवघड कृती, पण तिच्यासाठी पदक नसते. नोंद छाप्याची होते, निर्णयाची होत नाही.

राष्ट्र एक होण्याचे त्याचे स्वप्नही तेव्हा फाटत होते. सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा त्याच ऑगस्टमध्ये झाला होता, आणि 1918 च्या ईस्टरला क्वेबेक शहरात भरतीविरोधी जमावावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. काका 1952 पर्यंत जगले.

पापिनोचे नाव ईप्रच्या मेनिन गेटवर आहे, जिथे थडगे न मिळालेल्यांची नावे कोरली आहेत. त्याच भिंतींवर भारतीय सैनिकांचीही नावे आहेत. त्यांपैकी कुणी आपल्या काकांना काय लिहिले होते, ते मराठीत आणायला माझ्यापुढे पत्र नाही. आहे ते एकच, आणि त्याच्या पहिल्या ओळीत मी 'काका' तसेच ठेवले आहे.