सात दिवसांची मुदत आणि १८७२ चा कायदा

१/ गेल्या पंधरवड्यात साताऱ्याच्या पत्त्यावर ऑनलाइन मागवलेल्या ग्रंथसंचातील एका खंडाची सोळा पाने कोरी निघाली. परीक्षेच्या धांदलीत संच नवव्या दिवशी उघडला. उत्तर आले: ‘परताव्याची सात दिवसांची मुदत संपली.’ ग्राहकाच्या हक्काची मुदत विक्रेत्याने ठरवावी काय? या वादाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला. सातारचे राज्य १८४८ मध्येच खालसा झाले असल्याने सातारा इंग्रजी मुलखात होता. सांगली मात्र पटवर्धनांचे संस्थान. ते १९४८ मध्ये विलीन झाले. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

३/ या कायद्याचे कलम २८ सांगते: न्यायालयात दाद मागण्याची मुदत कमी करणारी कराराची अट तेवढ्यापुरती रद्दबातल ठरते.

४/ मग पळवाट निघाली. ‘आम्ही मुदत कमी केलेली नाही, मुदतीनंतर हक्कच संपवला आहे,’ असा युक्तिवाद विशेषतः विमा करारांत होई, आणि न्यायालये तो मान्य करीत. कायदा आयोगाने १९८४ च्या ९७ व्या अहवालात यावर बोट ठेवले. १९९७ च्या दुरुस्तीने पळवाट बुजली.

५/ पण पाचशे रुपयांसाठी दिवाणी दावा कोण लावणार? बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, ती अशाच एकाकी ग्राहकासाठी. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत तक्रार मंचांची सोय केली.

६/ २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्याने आणखी एक अडसर दूर केला: ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. सांगलीकराला कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मुदत, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे.

७/ मग सात दिवसांची अट निरर्थकच का? तसे नाही. बिलावर परताव्याची मुदत छापली असेल तर कायदा ती विचारात घेतो. नसेल तर ३० दिवस धरतो. परंतु ती विक्रेत्याने माल परत घेण्याची मुदत झाली. सदोष मालाबद्दल आयोगापुढे जाण्याचा हक्क त्या अटीने बुडत नाही.

८/ मी तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण बंधनकारक आहे. पोच आली आहे. महिना सरायचा आहे. तोवर कोऱ्या पानांची छायाचित्रे आणि बिल जपून ठेवले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्सल कागदाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.