सूत, खेळ आणि कल्पकता

मुलाला किती पाठ आहे हें मोजणें सोपें. त्याला नवें किती सुचतें हें मोजणें कठीण. या दुसऱ्या प्रश्नाचा एक जुना धागा वर्धा जिल्ह्यांत सांपडतो.

१९३७ सालीं ऑक्टोबरच्या २२ व २३ तारखांस महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं वर्धा येथें शिक्षणपरिषद भरली. तिनें नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीचा अहवाल २ डिसेंबरला तयार झाला. विनोबा भावे व काका कालेलकर हे समितीचे सभासद होते. साडेपांच तासांच्या शाळेंत मूलोद्योगास ३ तास २० मिनिटें, तर संगीत, चित्रकला व गणित या तिहींस मिळून ४० मिनिटें, अशी वांटणी तिनें केली. ७ ते १४ वर्षांच्या मुलानें हातानें कांहीं घडवावें आणि घडवितां घडवितां विचार करावयास शिकावें, हा त्यामागील हेतु.

परंतु हातकामाबरोबर मोजमापहि आलें. एका पौंडांत ८४० यार्डांच्या जितक्या गुंड्या भरतात तितका सुताचा नंबर. हें सूत मोजतां येतें. तकली फिरवितांना मुलाच्या मनांत आलेली शंका मोजतां येत नाहीं. हा धोका समितीनेंच ओळखला होता. शिक्षक मुलांकडून अधिकाधिक काम काढण्याच्या मागें लागतील आणि त्यांच्या बुद्धीची वाढ बाजूला राहील, असा इशारा अहवालांत आहे. प्रचलित परीक्षापद्धति तर समितीला शिक्षणाला लागलेला शापच वाटली. त्याऐवजीं निवडक विद्यार्थ्यांची नमुन्यादाखल पाहणी करून शाळांच्या कामाची तपासणी व्हावी, अशी तिची सूचना होती.

पुढें १९४४ मध्यें शांतिनिकेतनांत शिकलेले देवी प्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. तेथील मुलांच्या चित्रांचा त्यांनीं वर्षानुवर्षें अभ्यास केला व बालकलेवर ग्रंथ लिहिला.

अमेरिकेंत १९५० सालीं गिलफर्ड यांनीं मानसशास्त्रज्ञांचें लक्ष कल्पकतेकडे वेधलें. १९६६ सालीं टॉरन्स यांच्या कसोट्या प्रसिद्ध झाल्या. आतां हें काम संगणकावरील शैक्षणिक खेळांकडून करून घेण्याचे प्रयोग होत आहेत. फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठांतील व्हॅलरी शूट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रचलेल्या एका खेळांत मुलानें पडद्यावर उतरण, तरफ किंवा लंबक रेखाटून हिरवा चेंडू तांबड्या फुग्यापर्यंत न्यावयाचा असतो. त्याची प्रत्येक कृति यंत्र टिपून ठेवतें. एकाच कोड्याच्या किती वाटा त्यानें शोधल्या आणि त्यांतील कोणती इतरांस सुचली नाहीं, यावरून कल्पकतेचा अंदाज बांधतां येतो. खेळण्यांत रंगलेल्या मुलास परीक्षेची धास्ती राहत नाहीं, हा या रीतीचा मोठाच लाभ.

तरीहि वर्ध्याचा इशारा येथें लागू पडतो. खेळाला गुण मिळूं लागले कीं मूल गुणांसाठीं खेळूं लागेल, आणि वेडीवांकडी रेघ ओढून पाहण्याचें त्याचें धाडस आटेल. म्हणून हीं मापें मुलांची प्रतवारी लावण्यासाठीं न वापरतां शाळेचें काम पारखण्यासाठीं वापरावीं. मुलाला नवें सुचत नसेल, तर त्याला तशी संधि मिळाली होती काय, हें आधीं पाहावें.