फॅट लागत नाही

साक्रीला मामाकडे गेलो की सकाळी त्याच्यासोबत डेअरीवर जायचं, हा लहानपणापासूनचा शिरस्ता. मागच्या खेपेला त्याच्या होल्स्टिन संकरित गायीच्या दुधाला फॅट लागली ३.२. मामा चिठ्ठी खिशात घालत म्हणाला, "दूध बहू शे, पन फॅट नई शे." गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅटला धरतात, म्हशीच्या दुधाचा ६ ला. त्याखाली गेलं की भाव कापतात. ढेपेचा खर्च मात्र कोणी कापत नाही!

झालं, डोक्यात किडा शिरला आणि अख्खा वीकएंड त्यात गेला.

फॅटवर भाव देणं शक्य झालं ते १८९० च्या सुमारास. अमेरिकेत बॅबकॉक आणि स्वित्झर्लंडमध्ये गर्बर यांनी दुधात सल्फ्युरिक ॲसिड घालून, नळी गरगर फिरवून फॅट मोजायची सोपी रीत काढली. पाणी घालणारा पकडला जाऊ लागला. पण एका गायीला फॅट जास्त आणि दुसरीला कमी का, याचं उत्तर मिळायला पुढची शंभर वर्षं गेली.

धागा सापडला तो उंदरांत. 'डीगॅट१' नावाचं एक एन्झाइम असतं. फॅटी ॲसिड जोडून फॅटचा रेणू पुरा करायची शेवटची पायरी त्याची. २००० साली हा जीन बंद केलेल्या उंदीरमाद्यांना दूधच येईना, असं दिसलं. मग २००२ मध्ये बेल्जियममधल्या मिशेल जॉर्ज यांच्या आणि जर्मनीतल्या रुडी फ्रीस यांच्या गटांनी हाच जीन गायींत पकडला. फरक किती, तर डीएनएतली शेजारशेजारची दोन अक्षरं! त्यामुळे प्रथिनात २३२ व्या जागी लायसिनऐवजी ॲलानिन येतं. लायसिन असेल तर फॅट जास्त, पण दूध कमी. ॲलानिन असेल तर उलटं. आमच्या धंद्यात दोन अक्षरं चुकली तर प्रोग्रॅम बसतो, इथे गाय नुसती सौदा बदलते.

आता आपल्याकडची गोष्ट. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २००६ मध्ये भारतीय गायी-म्हशी तपासल्या, तर सगळीकडे लायसिनच. म्हणजे मूळचं रूप तेच आणि ॲलानिन नंतरचं. आजोबांच्या खिल्लार गायीतही लायसिनच असणार. पण ती जेमतेम वासरापुरतं दूध द्यायची, तिचं खरं काम बैल देणं.

दूध वाढवायला संकर आला. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला बायफ सुरू केली, आणि अशा प्रयत्नांतून जर्सी-होल्स्टिनचं कृत्रिम रेतन गावोगाव पोचलं. होल्स्टिनमध्ये दोन्ही रूपं सापडतात, जर्सीत लायसिन जास्त. देशी आईच्या पहिल्या कालवडीत निदान एक लायसिन हमखास. पण पिढ्यान्‌पिढ्या होल्स्टिनचंच रेतन देत गेलं, की तेही निसटू शकतं. मामाच्या गायीत तसं झालं असेलही, तपासणी केल्याशिवाय काय सांगणार?

आणि सगळं या एका जीनवर ढकलताही येत नाही. गीर गाय आणि मुऱ्हा म्हैस, दोघींत लायसिनच, तरी म्हशीची फॅट कितीतरी जास्त. शिवाय चारा आहेच. ढेप भारंभार आणि कडबा कमी, तरी फॅट पडते.

हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, दोन्ही एकदम मिळणार नाही हे आम्हाला ठाऊक होतं, कारण आज कळलं. पुढच्या वेळी जर्सीचं रेतन सांगणार म्हणतोय. तोवर कडबा वाढवलाय.

असो. पुढच्या चिठ्ठीची वाट बघतोय.