मतदाराचा हक्क आणि दाद मागण्याचे मार्ग : मारकडवाडी (ता. माळशिरस) प्रकरणाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

भारतीय राज्यघटनेच्या कलम ३२६ ने प्रौढ मताधिकाराचे तत्त्व स्वीकारले. १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनी मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटी घालून मर्यादित ठेवलेला मताधिकार त्यामुळे सर्वसामान्य शेतकरी, मजूर आणि स्त्रियांपर्यंत पोहोचला. मात्र हक्क मिळणे आणि तो बजावताना अडथळा आल्यास दाद मागता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीचा इतिहास विपुल लिहिला गेला. दुसरीकडे तुलनेने दुर्लक्ष झाले. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील मारकडवाडी या गावात घडलेल्या घटनेने हा दुसरा प्रश्न देशाच्या चर्चेत आणला. तालुक्यातील सर्वांत मोठी बाजारपेठ असलेल्या अकलूज येथेच प्रांताधिकाऱ्यांचे कार्यालय असल्याने या घटनेचे पडसाद अकलूज परिसरात विशेष उमटले.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) मतदाराला दाद मागण्याच्या कायदेशीर मार्गांचा ऐतिहासिक विकास पाहणे.
२) मारकडवाडी प्रकरणात हे मार्ग कितपत उपलब्ध होते, याची चिकित्सा करणे.

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून निवडणूकविषयक कायदे, नियम, न्यायालयीन निर्णय आणि प्रसिद्ध वृत्ते यांचा आधार घेतला आहे.

दाद मागण्याच्या मार्गांचा विकास :

मताधिकाराचे पहिले दार मतदार यादी हे होय. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ६२ नुसार यादीत नाव असलेल्या व्यक्तीलाच मत देता येते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी किंवा तमक्याची आई अशी नोंद केली होती. ही नावे मुख्यतः उत्तर व मध्य भारतातील होती. यादीतील नोंदीअभावी हक्क कसा निष्फळ ठरतो, याचे हे पहिले मोठे उदाहरण आहे. नाव नाकारले अथवा वगळले गेल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करण्याची तरतूद १९५० च्या कायद्यात आहे.

१९५१-५२ च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह लावलेली स्वतंत्र मतपेटी ठेवली जात असे. १९६२ च्या निवडणुकीत एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांनी मतदान केंद्रावरील तक्रारींना निश्चित रूप दिले. आपल्या नावावर अन्य कोणी आधीच मत देऊन गेला असेल, तर खऱ्या मतदाराला 'प्रदत्त मत' देण्याचा अधिकार मिळाला. तोतया मतदाराचा संशय आल्यास मतदान प्रतिनिधीने दोन रुपये भरून आक्षेप घ्यावा आणि केंद्राध्यक्षाने तेथेच चौकशी करून निर्णय द्यावा, अशी व्यवस्था झाली. १९८९ मध्ये मतदान केंद्र बळकावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवण्यात आला. असे प्रकार घडल्यास फेरमतदानाचा आदेश देण्याचा अधिकार निवडणूक आयोगाकडे आहे.

निकालानंतरचा मार्ग मात्र एकच राहिला, तो म्हणजे निवडणूक याचिका. राज्यघटनेच्या कलम ३२९ (ब) चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९५२ च्या पोन्नुस्वामी खटल्यात निवडणुकीला केवळ याचिकेद्वारेच आव्हान देता येईल, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी मुंबईतून नारायण काजरोळकर यांच्याकडून पराभूत झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशोक मेहता यांच्यासह निवडणुकीला आव्हान दिले होते. ७४ हजारांहून अधिक मते वाया गेल्याचा मुद्दा त्यात होता. परंतु त्यांना यश आले नाही. ज्यांच्या नेतृत्वाखाली घटनेचा मसुदा सिद्ध झाला, त्यांनाही याच एकमेव दाराने जावे लागले, ही बाब लक्षणीय आहे. १९६६ च्या दुरुस्तीनंतर निवडणूक न्यायाधिकरणे रद्द होऊन या याचिका उच्च न्यायालयाकडे आल्या. निकालापासून ४५ दिवसांत उमेदवार किंवा त्या मतदारसंघातील कोणताही मतदार ती दाखल करू शकतो.

यंत्रांचा काळ आणि नवे प्रश्न :

इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राचा पहिला प्रयोग १९८२ मध्ये केरळमधील परूर येथे झाला. कायद्यात तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते मतदान अवैध ठरवले. १९८९ मध्ये कायद्यात कलम ६१-अ समाविष्ट झाले आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत यंत्रे देशभर वापरली गेली. मत नोंदवल्याची खात्री मतदाराला पटावी यासाठी व्हीव्हीपॅटची आवश्यकता सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मान्य केली. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्यांची पडताळणी होऊ लागली.

दिलेल्या मताऐवजी दुसऱ्याच उमेदवाराची चिठ्ठी दिसल्यास नियम ४९ एमए नुसार मतदाराला लेखी घोषणापत्र देऊन चाचणी मत देता येते. मात्र तक्रार खोटी ठरल्यास कारावास किंवा दंड होऊ शकतो, याची समज त्याला आधी दिली जाते. सात सेकंद दिसणाऱ्या चिठ्ठीच्या आधारे खेड्यातील मतदाराने एवढी जोखीम पत्करावी, ही अपेक्षा मोठीच आहे.

मारकडवाडी प्रकरण :

२० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेसाठी मतदान होऊन २३ नोव्हेंबरला निकाल लागला. माळशिरस या अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघातून राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे उत्तमराव जानकर यांनी भाजपचे राम सातपुते यांचा तेरा हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. मारकडवाडीत मात्र सातपुते यांना १००३ आणि जानकर यांना ८४३ मते मिळाली. हे आकडे गावातील प्रत्यक्ष कलाशी जुळत नाहीत, असा जानकर समर्थक ग्रामस्थांचा दावा होता. त्यांनी स्वखर्चाने मतपत्रिका छापून ३ डिसेंबर रोजी गावातच पुन्हा मतदान घेण्याचे ठरवले. प्रशासनाने अशा मतदानाला कायद्याचा आधार नसल्याचे सांगून जमावबंदीचा आदेश लागू केला व मोठा पोलीस बंदोबस्त ठेवला. अखेर ग्रामस्थांनी मतदान स्थगित केले. त्यानंतर जानकर यांच्यासह अनेकांवर गुन्हे नोंदवण्यात आले. ८ डिसेंबरला शरद पवार यांनी गावाला भेट दिली. पाठोपाठ भाजपच्या बाजूनेही तेथे सभा झाली. राज्यातील २८८ मतदारसंघांतील १४४० व्हीव्हीपॅटच्या पडताळणीत कोठेही तफावत आढळली नाही, असे निवडणूक यंत्रणेने जाहीर केले.

चिकित्सा :

यंत्रात दोष होता की नव्हता, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. शंका आलेल्या गावाला कोणते दार ठोठावता आले असते, हा येथे महत्त्वाचा प्रश्न आहे.

पहिले दार मतदानाच्या दिवसाचे, म्हणजे नियम ४९ एमए चे. परंतु ग्रामस्थांची शंका आकडे कळल्यानंतरची होती. दुसरे दार मतमोजणीच्या टेबलावरचे. नियम ५६ डी नुसार उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी विशिष्ट केंद्राच्या चिठ्ठ्या मोजण्याची लेखी मागणी करू शकतो आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला त्यावर सकारण निर्णय द्यावा लागतो. मात्र ही संधी अंतिम निकाल घोषित होण्यापूर्वीच्या थोड्या वेळापुरती असते व ती मतदाराला नव्हे, उमेदवाराला असते. तिसरे दार २६ एप्रिल २०२४ च्या निर्णयाने उघडले. त्यात सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकांकडे परतण्याची मागणी फेटाळली. मात्र पाच टक्के यंत्रांच्या तपासणीची मागणी करण्याची मुभा दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना दिली. माळशिरसमध्ये तक्रार विजयी उमेदवाराच्या समर्थकांची होती. त्यामुळे तपासणीचा अधिकार तक्रारदारांच्या प्रतिस्पर्ध्याकडे राहिला.

चौथे दार निवडणूक याचिकेचे. ती कोणताही मतदार दाखल करू शकत असला, तरी तिचा हेतू निवडून आलेल्या उमेदवाराची निवड रद्द करणे हा असतो. आपलाच उमेदवार विजयी झाला असता ग्रामस्थांनी ती कशासाठी करावी? शिवाय कलम ९४ नुसार कोणत्याही मतदाराला त्याने कोणाला मत दिले, हे सांगण्याची सक्ती साक्षीतही करता येत नाही. गुप्ततेचे जे कवच दुर्बळ मतदाराला गावातील दबावापासून वाचवते, तेच गावाच्या सामूहिक दाव्याचा पुरावा उभा राहू देत नाही. ग्रामस्थांचे नियोजित मतदान या कोंडीतून निर्माण झाले होते. परंतु त्यातही धोका होताच. दोन गटांत विभागलेल्या गावात असे मतदान घेतल्यास कोण आले व कोण आले नाही, यावरूनच मताचा कल उघड झाला असता.

केंद्रनिहाय आकडे जाहीर होण्याच्या पद्धतीचाही येथे विचार केला पाहिजे. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणाऱ्या टोटलायझर यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला आणि विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला पाठिंबा दिला. परंतु तो अमलात आला नाही. केंद्रनिहाय आकड्यांमुळे गावाचा कल उघडा पडतो हे खरे. तथापि त्याच आकड्यांमुळे गावाला शंका उपस्थित करता आली, हेही तितकेच खरे आहे.

स्थानिक संस्थांच्या बाबतीत दाद मागण्याची मुदत याहून अल्प आहे. ग्रामपंचायत निवडणुकीला निकालानंतर १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे, तर नगरपरिषद निवडणुकीला १० दिवसांत जिल्हा न्यायाधीशांकडे आव्हान द्यावे लागते. २०२१ मध्ये अकलूज ग्रामपंचायतीचे नगरपरिषदेत रूपांतर झाले, तेव्हा येथील मतदारांसाठी ही मुदत आणि न्यायालय दोन्ही बदलले. किती मतदारांना याची जाणीव आहे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

निष्कर्ष :

१) दाद मागण्याचे मार्ग अस्तित्वात आहेत; परंतु त्यांतील बहुतेक मतदानाच्या क्षणाशी व लेखी नोंदीशी बांधलेले आहेत. तोंडी तक्रार नंतर उपयोगी पडत नाही.

२) निकालानंतरचे मार्ग निकालाचे संरक्षण करतात. निकाल न बदलणाऱ्या, पण विश्वास डळमळवणाऱ्या शंकेसाठी त्यांत जागा नाही. मारकडवाडी प्रकरण या उणिवेचे उदाहरण आहे.

३) मतदान प्रतिनिधीची भूमिका कळीची आहे. एकूण नोंदलेल्या मतांचा हिशेब देणाऱ्या नमुना १७ सी ची प्रत घेणे व मोजणीच्या वेळी आकडे ताडून पाहणे, हे गावपातळीवरील सर्वांत परिणामकारक संरक्षण होय.

४) ठरावीक संख्येने मतदारांनी लेखी मागणी केल्यास संबंधित केंद्राच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या विहित मुदतीत मोजण्याची तरतूद व्हावी. त्यामुळे मताची गुप्तता अबाधित राहून शंकेचे निरसन होईल.

मतपेटीपासून यंत्रापर्यंतच्या प्रवासात मोजणीचा वेग वाढला. त्या प्रमाणात मतदाराच्या शंकेला उत्तर देण्याची व्यवस्था विस्तारली नाही. लोकशाहीत पराभूत पक्षाने निकाल मान्य करणे आवश्यक असते. तसेच मतदाराला आपले मत योग्य ठिकाणी पोहोचले याची खात्री करून घेण्याचा सनदशीर मार्ग उपलब्ध असणेही आवश्यक असते. तो मार्ग अपुरा पडला, तेव्हा एका खेड्याने स्वतःच मतपत्रिका छापल्या, याची नोंद महाराष्ट्राच्या निवडणूक इतिहासाला घ्यावी लागेल.