सॅम्युएल पीप्सचे अर्धवट घर आणि त्याचे शेजारी

१/ २० ऑक्टोबर १६६०, लंडन. तळघराला नवी खिडकी कोठे पाडता येईल, हे पाहण्यासाठी २७ वर्षांचा एक सरकारी अधिकारी खाली उतरला आणि त्याचा पाय थेट मैल्याच्या ढिगात पडला. शेजारच्या टर्नरचा शौचकूप तुडुंब भरला होता आणि त्यातील घाण याच्या तळघरात उतरली होती. मुळात नवी खिडकी हवी होती, कारण जुनी खिडकी सर विल्यम बॅटन या दुसऱ्या शेजाऱ्याने बुजवून टाकली होती.

२/ हा अधिकारी म्हणजे सॅम्युएल पीप्स. १ जानेवारी १६६० ते ३१ मे १६६९ या काळात त्याने लघुलिपीत लिहिलेली रोजनिशी सतराव्या शतकातील इंग्लंडच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन मानली जाते. राजा दुसरा चार्ल्स याचे पुनरागमन, १६६५ची प्लेगची साथ, १६६६ची लंडनची आग हे सारे तीत आहे. आणि घराची दुरुस्ती व शेजाऱ्यांची कटकट हेही तितक्याच तपशिलाने आहे.

३/ शेजारी इतके महत्त्वाचे का? कारण हे साधे शेजारी नव्हते. १६६० च्या उन्हाळ्यात पीप्स नौदल मंडळाचा ‘क्लर्क ऑफ द अ‍ॅक्ट्स’ झाला. वर्षाला ३५० पौंड पगार आणि सीदिंग लेनमधील नौदल कार्यालयाच्या आवारात राहायला घर. त्याच आवारात मंडळाचे इतर अधिकारीही राहत. बॅटन हा नौदलाचा सर्व्हेयर, तर सर विल्यम पेन हा मंडळाचा कमिशनर. दोघेही समुद्रावर लढलेले, ‘सर’ किताबाचे मानकरी. पीप्स मात्र एका शिंप्याचा मुलगा, समुद्राचा अनुभव जवळपास शून्य.

४/ म्हणजे सकाळी ज्यांच्यासोबत एका मेजाभोवती बसून जहाजांच्या लाकडाचे आणि दोरखंडांचे हिशेब तपासायचे, संध्याकाळी त्यांच्याशीच भिंत, खिडकी आणि गच्ची यांवरून वाद. घरे सरकारी. त्यामुळे कोणती खोली कोणाची, हा प्रश्न मालकीचा नसून दर्जाचा होता. शेजारी नव्याने राहायला आलेल्या डेव्हिस कुटुंबाने शिशाच्या पत्र्यांनी मढवलेल्या गच्चीकडे जाण्याचे दार बंद केले, तेव्हा पीप्स विलक्षण अस्वस्थ झाला. गच्चीपेक्षाही जिव्हारी लागला तो आपल्याला कोणी जुमानत नाही हा विचार.

५/ १६६२ मध्ये त्याने मोठे काम काढले: छप्पर उतरवून घरावर आणखी एक मजला चढवायचा. (याच वर्षी मे महिन्यात पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन राणी म्हणून इंग्लंडला पोहोचली. तिच्याच विवाहकरारातून मुंबई बेट इंग्रजांकडे आले.) ऐन जुलैत छप्पर निघाले आणि पाऊस कोसळू लागला. घरभर पाणी, सामान भिजलेले, जिकडे तिकडे धूळ आणि राडा. जुलैच्या अखेरीस पत्नी एलिझाबेथ गावी, ब्रॅम्प्टनला गेली. ती परतली सप्टेंबरच्या शेवटी.

६/ मग या काळात पीप्स झोपायचा कोठे? सर विल्यम पेनच्या घरी. पेन कामानिमित्त आयर्लंडला गेला होता, त्याची जागा रिकामी होती. रोजनिशीत पेनविषयी किती कडवट मजकूर आहे, हे ठाऊक असलेल्या वाचकाला येथे थबकावेच लागते. ज्या माणसाला पीप्स मनातून लबाड समजत होता, त्याच्याच छपराखाली त्याने स्वतःचे छप्पर नसतानाचे दिवस काढले.

७/ घर वाढले, तसे वादही वाढले. मंडळाचा कंट्रोलर सर जॉन मेनेस याने पीप्सच्या ताब्यातील एका उत्तम खोलीवर हक्क सांगितला. ती खोली जाणार, या धास्तीने पीप्सची झोप उडाली. नोव्हेंबरमध्ये लेडी बॅटनने एलिझाबेथकडे तक्रार केली: आपण घरात आपल्या मोलकरणीला हाक मारली की पीप्सची मोलकरीण जेन बागेतून तिची नक्कल करते. तक्रार सभ्य शब्दांत होती. शेजारधर्म उरलेला नाही, ही खंतही तीत होती.

८/ येथेच इतिहासाच्या अभ्यासकाने सावध व्हायला हवे. बॅटनने खिडकी बुजवली, हे आपल्याला पीप्स सांगतो. पण ती का बुजवली, हे बॅटनच्या शब्दांत आपल्यापुढे नाही. मजला चढवताना इतरांना किती आवाज, किती धूळ सोसावी लागली, याची नोंद करणारी शेजाऱ्यांची रोजनिशीही नाही. घरी सुतार-गवंडी आणणारा, महत्त्वाकांक्षी, सदैव हिशेब मांडणारा हा तरुण त्यांना कसा वाटत असेल? त्रासदायक शेजारी नेमका कोण, हे ठरवायला आपल्याकडे साक्षीदार एकच, आणि तोच फिर्यादी.

९/ तरीही या साक्षीदाराचे मोल आहे, ते त्याच्या प्रामाणिकपणामुळे. जेनची नक्कल, पेनच्या घरचा आसरा, स्वतःचा मत्सर, खोटे हसू: हे सारे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. त्याच्याविरुद्धचा पुरावाही त्याच्याच हातचा.

१०/ ४ सप्टेंबर १६६६. आग सीदिंग लेनच्या दिशेने सरकत होती. बॅटनने बागेत खड्डा खणून आपली वाइन पुरली. त्याच खड्ड्यात पीप्सने कार्यालयाची कागदपत्रे ठेवली. संध्याकाळी पेन आणि पीप्स यांनी मिळून दुसरा खड्डा खणला आणि त्यात वाइनसोबत पीप्सचे परमेझान चीज पुरले. मग पीप्सच्या सूचनेवरून पेनने वुलिच आणि डेप्टफर्डच्या गोद्यांतून कामगार आणले. त्यांनी वाटेतील घरे पाडली. आग गल्लीच्या टोकाशी, बार्किंग चर्चपाशी थांबली. भांडणाची खिडकी, गच्ची आणि खोली तिन्ही वाचली.

११/ ती वाचली खरी, पण जेमतेम सहा वर्षांसाठी. जानेवारी १६७३ मध्ये नौदल कार्यालयाला आग लागली आणि एवढ्या हौसेने वाढवलेले ते घर जळून गेले. रोजनिशीचे सहा खंड मात्र आज केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात आहेत. त्यांची लघुलिपी उलगडून पहिली निवडक आवृत्ती १८२५ मध्ये निघाली. तोवर बॅटनला जाऊन दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. उत्तर द्यायला कोणीच उरले नव्हते.