रंध्याच्या टोकावरचे नाव

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये, बोस्टनच्या नैर्ऋत्येस, रेंथम नावाचे गाव आहे. अठराव्या शतकात तेथे घडलेल्या काही लाकडी रंध्यांच्या पुढच्या टोकावर पोलादी ठशाने उमटवलेली अक्षरे आढळतात : 'सी. चेलर, लिव्हिंग इन रेंथम'. 'रेंथम येथे राहणारा सी. चेलर' एवढाच त्याचा अर्थ. हा ठसा लाकडात फार खोल नसतो. जुना रंधा 'नव्यासारखा' करण्याच्या उत्साहात कोणी त्या टोकावर सँडपेपर फिरवला, तर पाच मिनिटांत तो नाहीसा होऊ शकतो. हा धागा त्या ठशाविषयी आणि त्या पाच मिनिटांविषयी आहे.

आधी हत्याराची थोडी ओळख. रंधा म्हणजे एक ठोकळा, त्यात तिरके बसवलेले पाते, पात्याला आवळून धरणारी पाचर आणि छिलका बाहेर पडण्यासाठी अरुंद तोंड. रोमन काळापासून ही कल्पना मुळात बदललेली नाही. इंग्लंडमधील सिल्चेस्टर येथे १८९० साली रोमन रंधा सापडला. १५४५ साली बुडालेल्या 'मेरी रोझ' या युद्धनौकेवरील सुतारांच्या हत्यारांतही रंधे होते. मराठीतला 'रंधा' हा शब्द मात्र फारसी 'रंदा'वरून आलेला आहे. हत्याराप्रमाणे त्याचे नावही हातोहात प्रवास करीत आले.

अठराव्या शतकात दार, खिडकी, कपाट यांच्या कडांना जी नक्षीदार गोलाई दिली जाई, ती निरनिराळ्या आकारांच्या रंध्यांनी. प्रत्येक आकाराला वेगळा रंधा लागे. सुताराजवळ असे कित्येक रंधे असत आणि ते घडविणारा कारागीर हा स्वतंत्र व्यावसायिक असे. अमेरिकी वसाहतींतील ज्या रंधे-कारागिरांची कागदोपत्री नोंद सापडते, त्यांत अगदी आरंभीचे नाव रेंथमच्या फ्रान्सिस निकोलसनचे. त्याच्या रंध्यांवर त्याचेच नाव आहे आणि खाली तेच 'लिव्हिंग इन रेंथम'.

या निकोलसनच्या घरी सीझर चेलर हा आफ्रिकी वंशाचा गुलाम होता. तो त्याच कर्मशाळेत काम करी. लाकूड निवडणे, चिरणे, पात्याची बैठक कोरणे, पाचर जुळवणे ही सारी विद्या तो तेथे शिकला. परंतु बाजारात जाणाऱ्या रंध्यावर नाव उमटे ते धन्याचे. ठसा कोणाचा हे लाकूड सांगते, हात कोणाचा हे सांगत नाही.

१७५३ साली निकोलसन वारला. मृत्युपत्रात त्याने चेलरला स्वातंत्र्य दिले, दहा एकर जमीन दिली आणि कामाचा बाक व हत्यारेही दिली. मॅसॅच्युसेट्समधील गुलामगिरीला न्यायालयाच्या निवाड्यांनी १७८३ च्या सुमारास मूठमाती मिळाली. म्हणजे हा दस्तऐवज त्याच्या तीस वर्षे आधीचा. धन्याच्या औदार्याचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. ज्या कौशल्यावर कर्मशाळा चालत होती त्यातला मोठा वाटा ज्याचा, त्यालाच त्याचे स्वतःचे शरीर 'दान' म्हणून मिळाले, हे या व्यवहारातले मूळ वैगुण्य आहे.

स्वतंत्र झाल्यावर चेलरने स्वतःच्या नावाचा ठसा वापरला. मांडणी जुन्या धन्याच्या ठशासारखीच, ओळी त्याच, फक्त वरचे नाव बदललेले. 'लिव्हिंग इन रेंथम' हे दोन शब्दांचे आणि एका गावाचे साधे विधान निकोलसनच्या रंध्यावर पत्त्यासारखे वाचावे लागते. चेलरच्या रंध्यावर त्याचा भार निराळा आहे. काल जो कोणाच्या तरी मालमत्तेच्या यादीत मोजला जात होता, तो आज आपण कोठे राहतो हे स्वतः सांगत आहे. १७८४ साली तो मरण पावला. नाव ज्ञात असलेला पहिला आफ्रिकी-अमेरिकी हत्यार-कारागीर म्हणून आज इतिहासकार त्याचा उल्लेख करतात, आणि या ओळखीचा मुख्य आधार म्हणजे त्याच्या नावाचे ठसे धारण करणारे रंधे.

आता दुरुस्तीच्या बाकाकडे वळू.

जुना लाकडी रंधा हाती येतो तेव्हा तो काळवंडलेला असतो. तेल, घाम, मेण आणि धूळ यांचा थर चढलेला असतो. हौशी मनुष्याला तो थर म्हणजे घाण वाटते. तो रंधा घासतो, पुसतो, वर व्हार्निश मारतो. या घासण्यात प्रथम जातात त्या कडा. अठराव्या शतकातील न्यू इंग्लंडच्या रंध्यांच्या कडा रुंद व सपाट तासलेल्या असत. पुढे त्या अरुंद आणि गोलसर होत गेल्या. नक्षीच्या रंध्यांची लांबीही त्या काळी सुमारे १० इंच असे, नंतर ती साडेनऊ इंचांवर स्थिरावली. लाकूडही बोलते : आरंभीचे तिकडचे अनेक रंधे पिवळ्या बर्चचे आहेत, नंतर बीच सर्वत्र रूढ झाला. पाचरीच्या माथ्याची कोरीव गोलाई तर कारागिरागणिक बदलते. मूळ ठसा पुसट झालेला असला तरी या खुणांवरून रंध्याचा काळ आणि प्रदेश ठरविता येतो. खुणाही गेल्या, तर उरतो तो फक्त एक गुळगुळीत ठोकळा.

टोकावर बहुधा एकच नाव नसते. कारागिराच्या नावाजवळ पुढच्या मालकांनीही आपापले ठसे मारलेले असतात, कारण कामाच्या जागी हत्यारांची अदलाबदल आणि चोरी ही नित्याची बाब होती. एकाच लाकडावर तीन-चार पिढ्यांच्या सुतारांची नावे सापडावीत, आणि त्यांतील काहींची इतरत्र कोठेही नोंद नसावी, हे अगदी शक्य आहे.

लोखंडी रंध्यांची कथा थोडी वेगळी. कनेक्टिकटमधील न्यू ब्रिटनच्या 'स्टॅन्ले रूल अँड लेव्हल' कंपनीने १८६९ साली लेनर्ड बेली याचा रंध्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि पुढे हे रंधे अमाप संख्येने काढले. संख्या एवढी मोठी की त्यातला एखादा साधा, १९५० च्या सुमाराचा रंधा कोणी पूर्ण घासून, रंगवून कामाला लावला तर इतिहासाची फारशी हानी होत नाही. तो कापण्यासाठीच घडला होता, त्याने कापावे. प्रत्येक गंजाला वारसा म्हणणे हाही एक अतिरेकच आहे.

तरीही येथे एक सापळा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पितळेची टंचाई झाली. त्या वर्षांतील स्टॅन्लेच्या रंध्यांत पाते वरखाली करणारी चाकी पितळेऐवजी पोलादाची किंवा कठीण रबराची आढळते, आणि शिसवी मुठीऐवजी रंगवलेल्या साध्या लाकडाची मूठ. दुरुस्ती करणाऱ्याला ती चाकी 'हलकी' वाटते. तो दुसऱ्या रंध्याची चकचकीत पितळी चाकी काढून तेथे बसवतो. रंधा अधिक देखणा होतो. पण युद्धाने एका सुताराच्या मुठीपर्यंत कशी मजल मारली होती, याचा पुरावा डब्यातल्या सुट्या भागांत जाऊन पडतो. आवृत्तीगणिक बदलणारे हे तपशील लावून रंध्याचा काळ ठरविण्याची पद्धत संग्राहकांनी कष्टाने उभी केली आहे. भेसळ झालेल्या रंध्यापुढे ती निरुपयोगी ठरते.

मग करावे काय? लोखंडावरील गंजासाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून सौम्य वीजप्रवाह सोडण्याची रीत चांगली आहे. ती गंज सैल करते, धातू खात नाही. दुसऱ्या टोकाला साधे लोखंड लावावे, स्टेनलेस स्टील नव्हे, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. सैल झालेला मूळ काळा लेपही या पाण्यात सुटू शकतो, हे ध्यानात ठेवावे. पात्याची धार लावण्यात काहीच गैर नाही. मूळ सुतारही रोज तेच करीत होता. पात्याच्या वरच्या भागावरील पोलादकाराचा ठसा मात्र घासू नये.

लाकडाच्या बाबतीत पाणी हा शत्रू. ठशात दबलेले तंतू ओलाव्याने फुगतात आणि अक्षरे उथळ होतात. पाचर पकडीने उपटू नये. तिचा माथा तुटतो. आणि पुन्हा बसवताना पाते दोन्ही बाजूंनी जरा सैल असावे. दोन-अडीचशे वर्षांत लाकूड आडवे आकसलेले असते, लोखंड तेवढेच राहते. पाते ठोकून बसवले की रंध्याचे गाल तडकतात. कोरडे मऊ फडके, थोडे मेण, एवढ्यावर बहुतेक रंध्यांचे काम भागते.

आणि या सगळ्याच्या आधी, फडके हाती घेण्यापूर्वी, रंधा अंधाऱ्या खोलीत न्यावा. टोकाजवळ विजेरी अगदी आडवी धरावी. वरून प्रकाश पडला असता सपाट भासणाऱ्या काळ्या लाकडावर मग सावल्या उमटू लागतात, त्यांची अक्षरे होतात. त्या अवस्थेत छायाचित्र घ्यावे, लांबी मोजावी, कडा आणि पाचर यांची नोंद करावी. मगच ठरवावे की कोठे हात लावायचा आणि कोठे नाही.