चूक वैमानिकाची की तबकडीची?

‘डॅशबोर्ड’ हा शब्द मुळात घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून समोर लावलेली फळी, ती डॅशबोर्ड. मोटार आली, घोडा गेला. फळी मात्र राहिली आणि तिच्यावर वेगाच्या, इंधनाच्या तबकड्या बसल्या. आज संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांच्या फलकालाही आपण तेच नाव देतो. त्याच्या दर्शनी पानावर काय ठेवावे आणि काय मागे टाकावे, हे काम वरवर सजावटीचे वाटते. त्याचा इतिहास मात्र अपघातांच्या चौकश्यांतून गेला आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाच्या बी-17 विमानांचे एक विचित्र दुखणे होते. विमान धावपट्टीवर सुखरूप उतरे आणि मग वैमानिक पंखांच्या झडपा मिटवण्याऐवजी चाकेच आत घेई. अहवालात शेरा पडे : वैमानिकाची चूक. 1943 मध्ये अल्फॉन्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानाच्या आत जाऊन पाहिले. दोन्ही खटके शेजारीशेजारी होते आणि दिसायला सारखे होते. त्याने चाकांच्या खटक्याला चाकाचा आणि झडपांच्या खटक्याला पाचरीचा आकार सुचवला. न पाहताही हाताला फरक कळू लागला. चाकांच्या खटक्याचा तो आकार विमानांत आजही टिकून आहे.

युद्धानंतर हाच धागा ओहायोतील राइट फील्ड येथे पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी पुढे नेला. त्यांनी वैमानिकांनाच विचारले : उपकरण वाचताना तुमची किंवा तुमच्यादेखत दुसऱ्याची झालेली चूक सांगा. 1947 च्या त्यांच्या दोन अहवालांत खटके हाताळण्याचे 460 आणि उपकरणे वाचण्याचे 270 अनुभव तपासले आहेत. शीर्षकांत ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द अवतरणचिन्हांत आहेत. माझ्या मते ती चिन्हे हाच त्या अहवालांचा निष्कर्ष होय.

उंची दाखवणारी तबकडी हे ठळक उदाहरण. तिच्यावर तीन काटे असत : शेकड्याचा, हजाराचा आणि दहा हजारांचा. वॉल्टर ग्रेथरने वैमानिकांकडून वेगवेगळ्या रचना वाचून घेतल्या. तीनकाटी तबकडी वाचायला सरासरी सुमारे सात सेकंद लागत, आणि दहातल्या एकाहून अधिक वेळा वाचन हजार फूट किंवा त्याहून जास्त चुकत असे. ढगांतून डोंगराळ भागात उतरणाऱ्यासाठी हजार फूट म्हणजे जगणे आणि मरणे यांतले अंतर. थेट अंक दाखवणाऱ्या रचनेत वेळ आणि चुका दोन्ही कितीतरी घटल्या.

पुढची पायरी मांडणीची. फिट्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विमान उतरवणाऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांचे चित्रीकरण केले. नजर ज्या तबकडीकडे वारंवार जाते ती महत्त्वाची. जिच्यावर रेंगाळते ती वाचायला अवघड. आणि ज्या दोन तबकड्यांमध्ये नजर सतत ये-जा करते त्या जवळ हव्यात. आज एखाद्या डॅशबोर्डचे दर्शनी पान बदलताना लोकांना समोर बसवून त्यांची नजर आणि बोटे कुठे अडतात हे पाहतात, त्याची तर्कपद्धती हीच आहे.

हे ज्ञान सगळीकडे पोहोचले असे मात्र नाही. 28 मार्च 1979 रोजी पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझला. तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. बंद होण्याचा हुकूम गेला, एवढेच सांगत होता. पहिल्या काही मिनिटांत शंभरावर धोक्याचे इशारे एकदम सुरू झाले. त्यांतून कामाचा कोणता हे कळेना, आणि दोन तासांहून अधिक काळ पाणी निसटत राहिले. अणुभट्टीचा गाभा मोठ्या प्रमाणात वितळला. त्यानंतर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने नियंत्रण कक्षांची नव्याने तपासणी करायला लावली आणि सुरक्षिततेची मोजकी मापे एकाच ठिकाणी दाखवणारा फलक सक्तीचा केला. आजच्या भाषेत, दर्शनी पानच नव्याने रचायला सांगितले.

या घटनेबद्दल वाचताना मला 2021 चा एप्रिल आठवतो. शेजारच्या काकांसाठी ऑक्सिजनची खाट शोधत आम्ही एका शहराचा फलक उघडून बसलो होतो. पहिल्या पानावर एकूण बाधित, एकूण बरे झालेले, चढता आलेख, सगळे ठसठशीत. खाटांचा तक्ता बराच आत होता. तिथे रिकाम्या दिसणाऱ्या खाटेसाठी फोन केला की उत्तर येई, ‘कालच भरली.’ तो आकडा खाटेचा नव्हता, रुग्णालयाने शेवटच्या वेळी कळवलेल्या माहितीचा होता. आणि ती माहिती कधी आली हे पानावर लिहिलेले नव्हते. थ्री माइल आयलंडचा दिवा आणि हा तक्ता यांची जात एकच.

तो फलक ज्यांनी केला त्यांनी हयगय केली असे मी म्हणणार नाही. आकडे खरे होते, मेहनत खरी होती. पण ते पान बैठकीत आढावा घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देत होते. रात्री अकरा वाजता रुग्णाला घेऊन निघालेल्या माणसाचे प्रश्न वेगळे असतात : जवळची खाट कुठे, फोन कोणाला करू, ही माहिती किती वेळापूर्वीची? हे प्रश्न टेबलाशी बसून सुचत नाहीत. त्यासाठी अशा चार-सहा माणसांशेजारी बसून, मदत न करता, ती काय शोधतात ते पाहावे लागते. राइट फील्डच्या मंडळींनी ते पाऊणशे वर्षांपूर्वी केले होते. त्यांच्याजवळ संगणकाचा पडदा नव्हता. चुकलेल्या माणसाचे म्हणणे दोष न देता ऐकून घ्यायची तयारी मात्र होती.